टेबलावर न आलेले लॅपटॉप

अमजदभाई मुकादमांसमोर कोणी लॅपटॉप ठेवला की ते आधी नाक पुढे करतात. गिऱ्हाईक बॅगेची चेन लावतंय तोवर यांनी वाकून मशीनच्या कडेच्या जाळीचा वास घेतलेला असतो आणि निकालही देऊन टाकलेला असतो. "बोर्ड जळालाय." नाहीतर, "चहा सांडलाय, आणि चांगला गोड होता." गिऱ्हाईक शपथेवर सांगतं की छे हो, आमच्या घरात लॅपटॉपजवळ कोणी चहा नेतच नाही. मग खालचं झाकण उघडतं आणि आतून मुंग्या निघतात. अमजदभाई गिऱ्हाइकाला मुंग्या मोजायला वेळ देतात. पनवेलच्या टपाल नाक्यामागच्या गल्लीतलं त्यांचं आठ बाय दहाचं दुकान गेली सोळा वर्षं या नाकावर चाललंय म्हटलं तरी चालेल.

दुकानाची पाटी 'जिक्रा कॉम्प्युटर्स'. जिक्रा ही त्यांची एकुलती एक लेक. ती झाली त्या वर्षी अमजदभाई कुवेतची नोकरी सोडून कायमचे परत आले. तिकडून येताना लोक सोनं आणतात, अत्तरं आणतात, जाडजूड ब्लँकेटं आणतात. हा माणूस दोन मोठ्या बॅगा घेऊन उतरला, आणि त्यातल्या एका बॅगेत नुसते स्क्रूड्रायव्हर, चिमटे आणि गरम हवेने चिप काढायचं यंत्र. त्यांची बायको अमिरुन्निसा उर्दू शाळेत शिकवते. ती ही गोष्ट आजही पाहुण्यांना सांगते, आणि दुसऱ्या बॅगेत तिच्यासाठी काय काय होतं ते मुद्दाम सांगत नाही.

जिक्रा लहानाची मोठी झाली ती त्या दुकानाच्या टेबलाखाली. तिचं पहिलं खेळणं म्हणजे एक मेलेला कीबोर्ड. तिचा अभ्यासाचा दिवा तुटक्या स्क्रीनच्या आतल्या पट्ट्यांपासून केलेला, तिचे स्पीकर दोन वेगवेगळ्या जातीचे. सातवीत तिने लॅपटॉप मागितला तेव्हा अमजदभाईंनी पंधरा दिवस खपून चार मेलेल्या मशीनमधून एक जिवंत मशीन उभं केलं. झाकण एका कंपनीचं, स्क्रीन दुसऱ्या कंपनीचा, बॅटरी कोणी परत न्यायलाच न आलेल्या लॅपटॉपची, आणि कीबोर्ड कुवेतहून आलेला, त्यावर इंग्रजीच्या बाजूला अरबी अक्षरं. मैत्रिणींनी त्याचं नाव ठेवलं खिचडी. अमजदभाईंना ते नाव फार आवडलं. त्यांना वाटलं, कौतुकानेच ठेवलंय.

खिचडीवर जिक्राने प्रोजेक्ट टाईप केले, ती प्रोग्रामिंग शिकली, आणि अभ्यास झाला की मैत्रिणींबरोबर गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायला लागली. खेळायला लागली म्हणजे काय, तिची गाडी सुसाट निघायची आणि तिसऱ्या वळणावर मशीन तापून सगळं गपकन थांबायचं. मग तिने खाली हवा लागावी म्हणून दोन स्टीलच्या वाट्या उपड्या टाकल्या आणि त्यावर लॅपटॉप ठेवला. तेव्हापासून गाडी पाचव्या वळणापर्यंत जायला लागली.

मग दहावीचा निकाल लागला. ब्याण्णव टक्के. अमजदभाईंची छाती अशी फुगली की गल्लीत बर्फी वाटताना चार लोकांसमोर ते बोलून गेले, "कॉलेज सुरू व्हायच्या आत जिक्राला नवा कोरा लॅपटॉप. डब्यातला. तिच्या पसंतीचा." शेवटचे दोन शब्द त्यांनी जरा जोरातच म्हटले. जिक्राने ते ऐकले, आणि ती पोरगी बापासारखीच, ऐकलेलं विसरणारी नाही.

दुसऱ्याच दिवशी तिने कागद पुढे ठेवला. तिचं म्हणणं सरळ होतं. आपल्याला एकच लॅपटॉप मिळणार, त्यावर अकरावी-बारावीचा अभ्यासही व्हायला हवा आणि खेळही. अब्बा, मी खेळणार आहे, उगाच अभ्यासाचं नाव पुढे करून खोटं बोलणार नाही, असं तिने स्पष्ट सांगितलं. खेळायला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, पण निव्वळ खेळाची मशीन म्हणजे धोंडा, चार्जर धरून तीन किलो, रोज खारघरला कॉलेजात न्यायची तर खांदा जायचा. हलकी मशीन घ्यावी तर ती तिसऱ्या वळणावर थांबणार. तेव्हा मधलं काहीतरी बघायचं. अमजदभाईंनी कागद दोनदा वाचला आणि मनातल्या मनात म्हणाले, पोरगी माझ्यापेक्षा हुशार निघाली. इथपर्यंत सगळं छान चाललं होतं.

पहिल्या रविवारी बापलेक स्टेशनकडच्या रस्त्यावरच्या मोठ्या शोरूममध्ये गेले. तिथे केतन नावाचा हसतमुख विक्रेता आहे. त्याने एकेक मशीन पुढे ठेवली आणि अमजदभाईंनी एकेक मशीन निकालात काढली. झाकण एका कोपऱ्याने उचलून कानाशी नेलं, "ह्याचं हिंज दीड वर्षात तुटणार." पुढचं. "ह्याचा पंखा बसतो, आठ दिवसांपूर्वीच एक बदललाय." पुढचं. "ह्याची चार्जिंगची पिन आत जाते." निळ्या दिव्यांचा एक देखणा लॅपटॉप होता, जिक्राचे डोळे त्याच्यावर खिळले होते, तर यांनी जाळीशी नाक नेलं आणि सांगितलं की हा उन्हाळ्यात बोर्ड जाळतो. नवी कोरी मशीन, तिला वास कसला येणार? पण सवय.

शेजारी कामोठ्याचं एक कुटुंब लॅपटॉप घ्यायला आलं होतं. त्यांनी हे सगळं ऐकलं, एकमेकांकडे पाहिलं आणि हळूच दार उघडून निघून गेले. मग दुसरं कुटुंब गेलं. केतनने दोन थंड बाटल्या आणून बापलेकीच्या हातात दिल्या आणि फार आदराने विचारलं की काका, तुम्ही येत्या रविवारऐवजी मधल्या वारी येऊ शकाल का, गर्दी नसते. जिक्राची मान खाली गेली. अमजदभाईंना वाटलं, पोरगा अदबीचा आहे.

पुढच्या तीन आठवड्यांत त्यांनी पनवेल पालथं घातलं, खारघरची दोन दुकानं झाली. एकूण चौदा मशीन पाहून झाल्या आणि चौदाही बाद. खोटं कशाला बोला, अमजदभाई काही कंजूष नाहीत आणि बहाणेही करत नव्हते. त्यांना खरंच दिसत होतं. कुठलंही मॉडेल समोर आलं की त्यांना त्याचं मरण आठवायचं. हा बुधवारी आला होता, बोर्डावर गंज. हा दोनदा आला, दोन्ही वेळा डिस्प्ले. सोळा वर्षं त्यांनी दुसरं पाहिलं काय होतं? एका लेकीसाठी त्यांना जगात एकही धड लॅपटॉप सापडेना, आणि इकडे कॉलेज सुरू व्हायला आठ दिवस उरले.

शेवटी एका संध्याकाळी जेवताना जिक्रा म्हणाली, "राहू दे, अब्बा. मला खिचडी चालेल."

रागावून म्हणाली असती तर अमजदभाईंना सोपं गेलं असतं. ती अगदी शांतपणे म्हणाली, ताट उचललं आणि आत गेली. अमजदभाई खूश होऊन म्हणणार होते की बघ, मी बनवलेली मशीन शेवटी कामाला आली. पण अमिरुन्निसाने त्यांच्याकडे असं पाहिलं की घास हातातच राहिला.

मग तिने सांगितलं. नववीच्या प्रदर्शनात जिक्राने प्रोजेक्ट दाखवायला खिचडी शाळेत नेली होती. पाहुण्यांसमोर ती चालूच झाली नाही. मुलं हसली, कोणीतरी म्हणालं की हिच्या बापाचं दुरुस्तीचं दुकान आहे ना. पोरीने घरी येऊन बापाला सांगितलं की प्रोजेक्ट छान झाला. का सांगितलं तसं? तर तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून.

अमजदभाईंनी घास परत ताटात ठेवला.

"आणि एवढी पारख करताय," अमिरुन्निसा म्हणाली, "मला बघायला आलात तेव्हा पंधरा मिनिटांत हो म्हणालात. तेव्हा कुठे गेलं होतं हे नाक?"

अमजदभाईंनी तोंड धुतलं आणि पलंगावर जाऊन पडले. त्यांना पोरीच्या खोटं बोलण्याचा राग आला नाही, स्वतःचा आला. चार लोकांसमोर शब्द दिला होता आणि तो पाळायला हात धजत नव्हता. उद्या नवी मशीन घेतली आणि ती ऐन परीक्षेत बंद पडली तर? परत सगळे हसले तर? त्यापेक्षा काही न घेतलेलं बरं, असं त्यांचं मन म्हणायचं, आणि तेच मन पुढे म्हणायचं की मग शब्दाचं काय.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात बुधाजी आला. बुधाजी विचुंब्याचा. एके काळी त्याची भाताची खाचरं होती, आता तिथे सात मजल्यांच्या बिल्डिंगी आहेत आणि त्यातल्या दोन मजल्यांवर बुधाजीचं नाव आहे. पांढरा शर्ट, गळ्यात चेन, आणि काखेत टॉवेलमध्ये गुंडाळलेला लॅपटॉप. धाकट्या मुलाच्या लग्नाचा व्हिडिओ पेन ड्राईव्हवर घ्यायचा होता, टीव्हीवर लावायला, बस एवढंच काम.

अमजदभाईंनी टॉवेल सोडला आणि बघतच राहिले. काळा, चौकोनी, मागच्या बाजूला एक बारीक लाल रेघ. हेच ते मॉडेल, फक्त जुन्या सालचं. चौदामधलं पहिलं. ह्याचं हिंज दीड वर्षात जाणार म्हणून त्यांनी स्वतःच्या तोंडाने केतनला सांगितलेलं. त्यांनी झाकण कोपऱ्याने उचललं. घट्ट. जाळीशी नाक नेलं. टॉवेलच्या साबणाचा वास. कधी घेतला म्हणून त्यांनी विचारलं, तर बुधाजी म्हणाला, नात हेतल आठवीत होती तवा, आता ती बारावी झाली. दिवसभर तिचे गेम चालतात, परीक्षेचा अभ्यास बी त्याच्यावरच.

"चार-पाच वर्षांत मला कधी दाखवला कसा नाहीत?" अमजदभाईंनी जरा दुखावूनच विचारलं. बुधाजी इतक्या वर्षांचा ओळखीचा, टीव्हीच्या रिमोटपासून सगळं घेऊन यायचा.

बुधाजीला प्रश्नच कळला नाही. "चालतंय ना तो नीट," तो म्हणाला. "मग तुज्याकडं कशाला आनू? आमी काय येडे हाव?"

व्हिडिओ पेन ड्राईव्हवर उतरत होता तेवढा वेळ अमजदभाई खुर्चीवर बसून राहिले. समोरच्या फळीवर एकवीस लॅपटॉप ओळीने उभे होते, प्रत्येकावर चिकटपट्टी, पट्टीवर मालकाचं नाव आणि आजार. जळालेला, भिजलेला, पडलेला, पोराने वर बसून चेपलेला. सोळा वर्षं ते हीच फळी बघत होते आणि त्यांना वाटत होतं की जगातले लॅपटॉप म्हणजे हेच. जे चालत होते ते इकडे फिरकलेच नव्हते. ते कशाला येतील?

अमजदभाईंना हसू आलं. मग लाजही वाटली, आणि मग त्यांचं जे होतं तेच झालं, म्हणजे खात्री करून घेतल्याशिवाय चैन पडेना. बुधाजी गेल्यावर त्यांनी शटर अर्धं ओढलं आणि परत वर केलं, असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा त्यांनी ते पूर्ण ओढलं, कुलूप लावलं आणि स्कूटर खारघरच्या दिशेने काढली. भर कामाच्या दिवशी जिक्रा कॉम्प्युटर्स बंद पाहून समोरचा चहावाला रस्त्यात येऊन उभा राहिला, कोणी गेलं की काय म्हणून.

खारघरला कॉलेजांना तोटा नाही. अमजदभाई एका मोठ्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या गेटसमोर जाऊन उभे राहिले आणि पाठीवर जाड बॅग दिसली की पुढे होऊ लागले. बेटा, लॅपटॉप कुठला? किती वर्षं झाली? काही बिघडला का? पहिल्या मुलाने बॅग पोटाशी धरली आणि पळ काढला. दुसऱ्याने सांगितलं की काका, मला विकायचा नाही. तिसरी मुलगी फोनवर कोणाला तरी सांगायला लागली की इकडे एक माणूस सगळ्यांच्या बॅगांची चौकशी करतोय. पाच मिनिटांत गेटवरचा सिक्युरिटी गार्ड येऊन उभा राहिला आणि त्याने अमजदभाईंचा दंड धरला.

आता पन्नाशीला आलेल्या माणसाने गार्डला काय सांगावं? अमजदभाईंनी जे होतं तेच सांगितलं. माझं दुरुस्तीचं दुकान आहे, मला पोरीसाठी लॅपटॉप घ्यायचाय, पण मी आयुष्यात चालणारा लॅपटॉप पाहिलेला नाही. गार्ड शैलेश उरणकडचा, त्याला दोन मुली. त्याने दंड सोडला नाही, पण पकड सैल केली, आणि मग त्याला इतकं हसू आलं की गेटची नोंदवही खाली पडली. त्यानंतर त्याने काय करावं, तर जाणाऱ्या प्रत्येक मुलाला स्वतःच हाक मारून उभं करायला सुरुवात केली. ए, लॅपटॉप दाखव काकांना. गणवेशातला माणूस म्हणतोय म्हटल्यावर पोरं थांबू लागली.

तासाभरात अमजदभाईंनी एकेचाळीस मशीन पाहिल्या. तीन वर्षांच्या, चार वर्षांच्या, एक तर मोठ्या भावाकडून आलेली सात वर्षांची. त्यांनी बाद केलेली चौदाच्या चौदा मॉडेलं तिथे हिंडत होती, स्टिकर लावलेली, ओरखडे पडलेली, आणि मजेत चालत होती. दुरुस्तीला किती गेलेल्या? पाच. त्यातल्या तीन पाणी सांडून. एका मुलीने तर अगदी निरागसपणे विचारलं की काका, लॅपटॉप दुरुस्त पण करतात का, मला वाटलं बिघडला की नवीनच घ्यायचा. अमजदभाईंनी हे शांतपणे ऐकून घेतलं. दुसऱ्या कुठल्या दिवशी ते खवळले असते.

बेचाळिसावी जी मुलगी पुढे आली तिच्या पाठीवरच्या बॅगेत लॅपटॉप नव्हता, हातात प्रवेशाच्या कागदांची फाईल होती. ती जिक्रा होती. तिचं ज्युनिअर कॉलेज त्याच आवारात, मागच्या इमारतीत, आणि कागदपत्रं तपासायची तारीख आजची, ते काम उरकून ती निघाली होती. हे अमजदभाईंना सकाळीच सांगितलं होतं आणि ते साफ विसरले होते. ती गार्डकडे बघत होती, गार्ड अमजदभाईंकडे, आणि अमजदभाईंच्या हातात कोणा परक्या मुलाचा उघडा लॅपटॉप.

"अब्बा, तुम्ही इथे काय करताय?"

अमजदभाईंनी लॅपटॉप त्या मुलाला परत दिला. बहाणा सुचत नव्हता, आणि सुचला असता तरी आता नको होता. "मी चुकलो, बेटा," ते म्हणाले. "माझ्याकडे फक्त आजारी येतात. मी समजलो सगळेच आजारी. धडधाकट बघायला आलो होतो." मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. "खिचडीचं मला कळलं. प्रदर्शनातलं. मला सांगायला हवं होतंस."

जिक्राच्या डोळ्यांत पाणी आलं, मग तिने गार्डच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तो अजून तोंड दाबून हसत होता, आणि तिलाही हसू फुटलं. बाप कॉलेजच्या गेटवर पकडला गेला, ही गोष्ट आता पहिल्या दिवसापासून आपल्या मागे लागणार, हे तिला कळून चुकलं होतं. तरी ती हसतच होती. किती मशीन पाहिल्या म्हणून तिने विचारलं, एकेचाळीस ऐकल्यावर कपाळाला हात लावला, आणि शैलेशला थँक्यू म्हणून स्कूटरवर मागे बसली. कुठे जायचं हे दोघांपैकी कोणी विचारलं नाही.

शोरूमच्या दारात अमजदभाई दिसले तसा केतनचा चेहरा पडला. आत दोन गिऱ्हाइकं होती, त्याने आधी त्यांना घाईघाईने दूरच्या कोपऱ्यात फ्रिज बघायला पाठवलं. पण आज अमजदभाई दारापाशीच थांबले, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि म्हणाले की ही बघेल, मी नुसता आलोय. केतनचा विश्वास बसला नाही. खरं सांगायचं तर अमजदभाईंचाही बसत नव्हता.

जिक्राने तीन मशीन मागितल्या. बापासारखं नाक पुढे केलं नाही, पद्धत तिची वेगळीच. तिने बॅगेतल्या पेन ड्राईव्हमधून स्वतःचा प्रोजेक्ट काढून तिन्हींवर उघडला आणि कितीदा अडतं ते पाहिलं. मग शर्यतीचा गेम लावला आणि चार्जर काढून परत लावला, बॅटरीवर गाडी किती मंदावते ते बघायला. मग प्रत्येक मशीन चार्जरसकट आपल्या बॅगेत घालून ती शोरूमच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली. केतन म्हणाला, मॅडम, असं कोणी करत नाही. ती म्हणाली, मला स्टेशनपासून कॉलेजपर्यंत चालायचंय, तुम्हाला नाही.

अमजदभाई बघत होते. त्यांना अभिमान वाटत होता आणि त्याच्याच खाली कुठेतरी खुपतही होतं. ही पोरगी त्यांच्या टेबलाखाली वाढली, तिच्या प्रत्येक वस्तूत त्यांनी घातलेला एक तरी टाका होता. आता ती डब्यातली वस्तू घेणार, जिला त्यांचा हात लागलेला नाही. तिला आपलं काही काम उरलं नाही, असं त्यांना स्वच्छ वाटलं, आणि वाईट वाटलं. पण शब्द दिला होता. तिच्या पसंतीचा.

निळ्या दिव्यांचा तिने आपणहून बाजूला सारला, देखणा आहे पण वजन फार म्हणाली. सगळ्यात हलकाही ठेवून दिला. मधला उचलला. करड्या रंगाचा, साधा, ग्राफिक्स कार्ड बेताचं पण गाडी शेवटच्या वळणापर्यंत गेलेली, आणि बॅगेत घालून चालताना तिचा खांदा झुकला नव्हता. अमजदभाईंनी तो ओळखला. त्याच्या डाव्या बाजूची यूएसबीची खाच सैल होते, गेल्या महिन्यातच एक आला होता. त्यांचं तोंड उघडलं. केतनने श्वास रोखून धरला.

"छान आहे," अमजदभाई म्हणाले.

मग डबा आला, बिल झालं, आणि केतनने जरा हिय्या करून शेवटचा कागद पुढे केला. कंपनीची वॉरंटी वर्षाची, थोडे जास्त भरले तर आणखी दोन वर्षं मिळतात, काय बिघडेल ते कंपनी बघेल. या कागदाला अमजदभाई सोळा वर्षं पैसे फुकट घालवणं म्हणत आले होते आणि गिऱ्हाइकांना बजावत आले होते की घेऊ नका. आज ते स्वतःच पुढे झाले. जिक्राला म्हणाले की घे, बेटा, नवी वस्तू आहे, कंपनीच्या माणसांनी बघितलेली बरी.

जिक्राने कागद नीट वाचला आणि केतनकडे सरकवला. "हे नको."

केतन म्हणाला, "वर्षानंतर बिघडला तर दाखवणार कुणाला?"

"कुणाला म्हणजे? अब्बा आहेत ना," ती म्हणाली, आणि बॅगेत डबा मावतोय का ते बघायला लागली.

वॉरंटी नको असल्याची एक सही लागते. केतनने पेन अमजदभाईंच्या हातात दिलं आणि सही कुठे करायची त्या जागेवर बोट ठेवलं. अमजदभाईंचे डोळे असे भरून आले होते की त्यांना ते बोट दिसलं, पण खालची रेघ काही केल्या दिसेना.